एका पायाचं एकच माप

मित्रांनो, पाय जरा हलका ठेवा. ज्या काळ्या लोखंडी पेटीवर तो टेकवून तुम्ही बुटाचं माप देताय, ती पेटी म्हणजे मी. बऱ्याच जणांना वाटतं, हे दुकानदाराने खास करून घेतलेलं पाय ठेवायचं स्टूल आहे. कुणी विचारलंच तर सासरेबुवा, म्हणजे या दुकानाचे म्हातारे मालक, सांगतात, "जुना सर्व्हर आहे तो." मग विचारणारा पाय अर्धवट उचलून धरतो, करंट बसेल की काय म्हणून. घाबरू नका. माझ्या पोटात आता काही नाही. काही होतं तेव्हा घाबरायला हवं होतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले, कान लावून माझे पंखे ऐकले आणि तीन दिवस मला नुसतं तापवून पाहिलं. तिथे कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. एकीने आवळलेला स्क्रू दुसरी पुन्हा आवळून बघायची, आणि तिच्यामागे तिसरी यादी घेऊन उभी असायची. तेव्हा मला याचा राग येई. आता वाटतं, आयुष्यात माझ्यावर खरी माया केली ती त्या संशयी बायकांनीच.

तिथून मी एका विमा कंपनीत गेलो. थंडगार खोली, रोज पुसलेली फरशी आणि माझ्या पोटात दोन डिस्क. जे एकीवर लिहायचं तेच दुसरीवर. एवढ्यानेही त्या लोकांचं समाधान होत नसे. दर शुक्रवारी एक काका कापडी पिशवी घेऊन यायचे, माझ्याकडच्या सगळ्या माहितीची एक प्रत त्या पिशवीत घालायचे आणि पुलापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवायचे. देताना सही, घेताना सही. पाच वर्षांत त्या पिशवीची गरज एकदाही पडली नाही. मी मनात म्हणायचो, हा माणूस फुकटचा पगार खातोय. हे वाक्य मी पुढे बरीच वर्षं गिळत बसलो.

मी जुना झालो तसा कंपनीने माझ्या दोन्ही डिस्क काढून त्यांचा चुरा केला आणि मला लिलावात वजनावर विकलं. गाडीत चढवताना हमालाच्या हातून निसटलो. माझ्या पुढच्या कोपऱ्यावर हा पोचा दिसतोय ना, तो तेव्हाचा. तो नीट लक्षात ठेवा.

मला ज्यांनी विकत घेतलं त्यांना मी अमर्यादशेठ म्हणतो, कारण फोनवर त्यांच्या तोंडी दर दुसरा शब्द 'अमर्याद' असे. अमर्याद जागा, अमर्याद मेल, अमर्याद सेवा. धंदा होता होस्टिंगचा. म्हणजे असं बघा, तुमच्या दुकानाची वेबसाइट कुठेतरी राहायला हवी. ती ज्या भाड्याच्या खोलीत राहते ती खोली म्हणजे माझ्यासारखा सर्व्हर. शेठनी माझ्या दोन खोबणींपैकी एकीत जुनी डिस्क बसवली आणि दुसरी रिकामीच ठेवली. ती रिकामी खोबण मला जिभेला पडलेल्या दाताच्या जागेसारखी सतत लागत राहायची.

आमची खोली पूर्वी केस कापण्याचं दुकान होती. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर मोठे आरसे तसेच राहिले होते. आम्ही मशिनं तीन. त्यातलं तिसरं तर मेलेलंच होतं. त्याचा हिरवा दिवा तेवढा वेगळ्या वायरीने चालू ठेवला होता. पण समोरासमोर आरसे असले की काय होतं, तुम्ही पाहिलं असेल. दारातून बघणाऱ्याला आमची रांगच्या रांग दिसे, पार लांबवर गेलेली, हिरवे दिवे लुकलुकत. शेठ खोटं बोलत होते असं म्हणवत नाही. आरशात ते खरोखर अमर्याद होते.

वर्षाचं भाडं किती, तर एका जोडाच्या टाचा बदलून घ्यायला पडतात तेवढं. माझ्या एका डिस्कवर साडेतीनशे दुकानं राहत होती. मी स्वभावाने हिशेबी, म्हणून एकदा मनातच बेरीज मांडून पाहिली. वीज, जागा, माणूस, सुटे भाग. बेरीज काही केल्या जुळेना. मग ध्यानात आलं, जुळवण्यासाठी शेठ एकेक रकमेवर काट मारत होते. आधी दुसरी डिस्क गेली, मग गारवा गेला, मग देखभालीचा माणूस गेला. स्वस्त वस्तू स्वस्त कशी, हे विचारायला कुणाला सवड नसते. स्वस्त आहे म्हणूनच सवड नसते.

शेजारी कोण कोण होते म्हणाल तर एक लग्नाचे फोटो काढणारा, एक पंपांचे सुटे भाग विकणारा, एक दाढीच्या तेलाचा व्यापारी. आणि एक असा, ज्याचं दुकान मला कधी दिसलंच नाही. तो नुसती पत्रं पाठवायचा, दिवसाला हजारो: आपणास बक्षीस लागले आहे. मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय होता. शेठना नव्हता. तो भाडं आगाऊ भरायचा.

अशा बिऱ्हाडात एके दिवशी सूनबाई राहायला आली. म्हणजे तिची वेबसाइट आली. ज्या दुकानात तुम्ही आता उभे आहात त्या दुकानाची ती सून. नवरा परगावी नोकरीला, इथे ती आणि तिचे सासरे. दोघं मिळून अशा लोकांचे बूट बनवतात ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, कुणाचा पंजा अपघातात दबलेला.

सासरेबुवांची कामाची रीत ठरलेली आहे. माप चार वाजल्यानंतरच घ्यायचं, कारण दिवसभर चालून पाय फुगलेला असतो आणि तोच खरा पाय. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, पेन्सिल सरळ धरून कडेने फिरवायची. आणि सगळ्यात मोठा नियम: एका पायाचं एकच माप. नवं माप घेतलं की जुना कागद गिऱ्हाइकासमोर फाडायचा. तरुणपणी त्यांच्या हातून एका टपालवाल्याचा बूट चुकून जुन्या कागदावर कापला गेला होता. त्याच्या अंगठ्याची जखम सहा महिने भरली नाही. तेव्हापासून दुकानात एका पायाचे दोन कागद कधी राहिले नाहीत.

सूनबाईने ठरवलं की लांबच्या गिऱ्हाइकांना माप द्यायला दरवेळी यायला लावायचं नाही. तिने तीनशे बारा जणांच्या पायांचे कागद एकेक करून वेबसाइटवर चढवले. प्रत्येकापुढे नाव, पत्ता, टाचेची उंची, कुठे दुखतं ते. महिनाभर ती त्याच कामात होती. शेवटचा पाय चढला तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, आता खरं माप कुठलं, कागदातलं की मशिनीतलं?

"मशिनीतलं, बाबा," ती म्हणाली. "कागदाला वाळवी लागते."

"मग कागद फाडायला हवेत."

"राहू देत की. खायला मागतात का ते?"

"दोन मापं दुकानात नकोत. एक दिवस हात चुकीच्या कागदावर जातो."

नियम तिलाही पटलेला होता. मात्र सासरेबुवा पक्के संशयी. फाडण्याआधी ते सुनेला घेऊन आमची खोली बघायला आले. शेठनी दोघांना दारातच थांबवलं. आत धूळ जाते म्हणाले. सासरेबुवांनी आधी शेठच्या पायांकडे पाहिलं. हा त्यांचा नेम आहे, माणूस ते खालून वर वाचतात. मग विचारलं, "हे मशिन जळालं तर?"

"काका, सगळ्याची प्रत दुसऱ्या मशिनवर असते की," शेठ म्हणाले, आणि बोट लांबवर केलं. "ते बघा, मागचं. ते तुमचंच."

बोट गेलं आरशाकडे.

मी जिवाच्या आकांताने पंखा फिरवला. बोलता येत नाही त्याने दुसरं काय करायचं? शेठ म्हणाले, बघा, किती जोरात काम करतंय. दोघं गेल्यावर शेठनी माझ्या पंख्यात तेल सोडलं.

जिना उतरताना सासरेबुवा सुनेला म्हणाले की याच्या टाचा एकाच बाजूने झिजल्यात, हा एका जागी उभा राहणारा माणूस नाही. पण मशिनं पुष्कळ आहेत खरी, असंही म्हणाले. मग घरी जाऊन त्यांनी दीड दिवस बसून तीनशे बारा कागद फाडले. सूनबाईने नणंदेला मेलमध्ये लिहिलं, बाबांना फाडताना इतकं हलकं वाटत होतं की मध्येच गुणगुणत होते. मी लोकांची पत्रं वाचतो म्हणून नाक मुरडू नका. स्वस्त खोलीच्या भिंती पातळच असतात.

प्रत होती का? होती. माझ्याच पोटात, त्याच डिस्कवर, 'बॅकअप' नावाच्या कप्प्यात. एकाच कपाटाच्या वरच्या खणात वस्तू आणि खालच्या खणात तिची नक्कल. कपाटाला आग लागली तर ती खण बघून लागत नाही.

पुढचे खर्च हळूहळू वर आले. दुसऱ्या वर्षी भाडं तिप्पट झालं. सूनबाईने दुसरीकडे जायचं म्हटलं तर कळलं की दुकानाचं वेबसाइटवरचं नाव, जे शेठनी फुकट दिलं होतं, ते शेठच्याच नावावर नोंदलेलं आहे. जायचं तर नाव इथेच ठेवून जा. ती राहिली.

मग बक्षीसवाल्याच्या करणीमुळे माझा पत्ताच बदनाम झाला. माझ्याकडून निघालेलं कुठलंही पत्र लोकांच्या मेलमधल्या कचऱ्याच्या पेटीत पडायला लागलं. 'आपला जोड तयार आहे' असं सूनबाई लिहायची आणि जोड दुकानात पडून राहायचे. शाळेतल्या एक बाई होत्या. त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा सव्वा इंच आखूड. दिवसभर फळ्यापुढे उभं राहून शिकवायच्या. त्यांनी तीनदा लिहिलं, तिन्ही उत्तरं त्यांच्या कचऱ्यात गेली. चौथ्यांदा त्यांनी एवढंच लिहिलं: दुकान बंद केलंत तर निदान सांगायचं तरी. त्याचंही उत्तर कचऱ्यात गेलं. फोन करावा तर बाईंनी नंबर कधी दिलाच नव्हता, आणि लिहून दिलेलं घर त्यांनी सोडलेलं होतं. सगळं मेलवरच चालायचं.

अजून एक गोष्ट माझ्याकडे होती, नियम आणि अटींचं पान. त्यातलं एकतिसावं कलम सांगत होतं की प्रत ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची. ते पान सहा वर्षांत अकरा जणांनी उघडलं. अकराही जणांनी तिसऱ्या कलमाच्या आत मिटलं. मी मोजत होतो.

सहाव्या वर्षी एका मंगळवारी दुपारी माझी डिस्क खरवडल्यासारखी वाजली आणि थांबली. साडेतीनशे दुकानं एका क्षणात गेली. शेठनी सगळ्यांना एकच निरोप पाठवला, दुरुस्ती चालू आहे, थोडा वेळ धीर धरा. तिसऱ्या दिवशी सासरे आणि सून दारात उभे राहिले.

शेठ हसून म्हणाले की एवढं काय घाबरायचं, प्रत आहे. आणि सवयीने बोट लांबवर केलं.

सासरेबुवा बराच वेळ त्या दिशेने बघत राहिले. मग म्हणाले, "त्या रांगेत दर तिसऱ्या मशिनला कोपऱ्यावर तोच पोचा कसा?"

शेठ म्हणाले, कंपनीच तशी आहे.

"बघू तरी."

"काका, आत धूळ जाते."

सासरेबुवांनी वाकून बूट काढले, जोडीने भिंतीला लावून ठेवले आणि मोज्यांवर आत आले. माझ्या शेजारून गेले, मेलेल्या मशिनशेजारून गेले आणि हात पुढे करून चालत राहिले. मग हात थांबला. बोटांचे ठसे उमटले.

"काच आहे," ते म्हणाले.

सूनबाईने विचारलं, "आणि आमचे पाय?"

शेठनी एकतिसाव्या कलमाचा दाखला दिला. सगळं लिहिलेलं आहे म्हणाले, वेबसाइटवर.

"ती तर बंद आहे," सूनबाई म्हणाली.

मला वाटलं, आता सासरेबुवा शेठची गचांडी धरणार. ते तर आरशासमोर उभं राहून स्वतःकडेच बघत होते. म्हणाले, "याला काय बोलायचं. याने कागद ठेवा म्हटलं नाही, फाडाही म्हटलं नाही. फाडले मी."

पैसे परत मिळाले नाहीत. पुढचं वर्ष फुकट, असं शेठ सांगत होते. सासरेबुवा म्हणाले, ते वर्ष तुम्हालाच ठेवा, आमची गिऱ्हाइकं ज्यात होती ती पेटी द्या. मी हातगाडीवरून या दुकानात आलो.

आता तुम्ही विचाराल, डिस्क बिघडली तरी तुला हे सगळं आठवतं कसं? विचारा, संशय ही चांगली सवय आहे. आधीचं माझ्या पत्र्यात मुरलंय. नंतरचं मी इथे बसून ऐकलंय.

डिस्क दुरुस्त करणाऱ्या एका बाईकडे सूनबाई ती घेऊन गेली. बिघडलेल्या डिस्कमधून त्यांनी जे उकरून काढलं त्याचा खर्च शेठच्या पहिल्या भाड्याच्या चाळीस पट. तीनशे बारांपैकी सत्त्याण्णव पाय सापडले, तेही नावांशिवाय. सूनबाईने ते सत्त्याण्णव पाय कागदावर छापून दुकानातल्या टेबलावर पसरले. सासरेबुवा एकेक उचलून उजेडाकडे धरत होते. हा टपालवाल्याचा. ही वाकडी करंगळी शिंपीणबाईंची. एक्केचाळीस त्यांनी नुसते बघून ओळखले. सुनेचे डोळे भरले, म्हणाली, बाबा, एक्केचाळीस तर मिळाले.

"नाही मिळाले," ते म्हणाले. "माझी ओळख म्हणजे माप नव्हे. सगळ्यांना परत बोलवायचं."

पण बोलवायचं कुठून? पत्ते त्याच डिस्कवर होते. सासरेबुवांच्या खिशातल्या वहीत शंभरेक फोन नंबर निघाले. बाकीचे दोनशे जण आपापल्या गावी झिजणारे बूट घालून चालत आहेत, आणि त्यांना वाटतंय की हे दुकान बंद पडलं. दुकानाचं वेबसाइटवरचं जुनं नाव शेठनी तेलवाल्याला देऊन टाकलं; ते टाकून शोधलं तर आता दाढीचं तेल दिसतं.

सूनबाईने वेबसाइटसाठी नवी जागा घेतली, महागाची; माहिती एका इमारतीत, तिची प्रत दुसरीत. या वेळी सासरेबुवा दोन्ही इमारतींत जाऊन आले आणि दोन्हीकडच्या मशिनींना हात लावून आले. तिथल्या पोरी हसल्या म्हणे. मला त्या जागेवरही पुरता विश्वास नाही. महाग म्हणजे चांगलं, हा शेठच्या बोलण्याइतकाच गुळगुळीत समज आहे. हात लावल्यावर लोखंड लागलं, एवढंच मी धरून चालतो.

मला आडवं ठेवलं की माझी उंची माप घ्यायला अगदी बरोबर बसते, हे सासरेबुवांना पहिल्याच आठवड्यात कळलं. गिऱ्हाइकाचा एक पाय खाली कागदावर, दुसरा माझ्यावर, मग अदलाबदल. ज्याच्यावर साडेतीनशे दुकानं उभी होती त्याच्यावर आता एका वेळी एक पाय. हे वजन मला झेपतं.

गेल्या महिन्यात शाळेतल्या बाई आल्या. आमचं पत्र मिळालं म्हणून नव्हे. बाजारातले तयार बूट घालून त्यांची कंबर धरली होती आणि त्या केवळ भांडायला आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "जिवंत आहात का सगळे?"

सूनबाईने खुर्ची दिली आणि काही न लपवता सगळं सांगितलं, आरशासकट. बाई ऐकता ऐकता हसायला लागल्या. "म्हणजे वर्षभर मी तुम्हाला शिव्या दिल्या त्या वाया गेल्या," म्हणाल्या. "बरं, घ्या माप."

घड्याळात साडेतीन. सासरेबुवांनी त्यांना अर्धा तास थांबवलं. चार वाजल्यावर बाईंनी आखूड पाय माझ्यावर ठेवला, मग खाली कागदावर. या वेळी कागद दोन होते, मध्ये कार्बन. पेन्सिल पंज्याच्या कडेने गेली, टाचेला वळली, परत आली. सासरेबुवांनी वरचा कागद काढून सुनेला दिला. खालचा हातात राहिला. एका पायाचे दोन कागद. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या दोन्ही हातांची बोटं कागदाच्या मधोमध आली, जराशी ओढलीही.

"बाबा," सूनबाई म्हणाली.

कागद कडेला बोटभर फाटला होता. त्यांनी तो बघितला, गोंदाने चिकटवला, त्यावर तारीख घातली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: नक्कल, यावर बूट कापू नये. मग दाराच्या खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीत टाकला. ती पिशवी दर शुक्रवारी सूनबाई नणंदेच्या घरी नेते, दोन रस्ते पलीकडे. नणंद सही करून घेते. पहिल्यांदा ती पिशवी मी पाहिली तेव्हा पुलावरून जाणारे ते विमा कंपनीतले काका मला आठवले. त्यांची माफी मागायची राहून गेली.

मित्रांनो, तुमचं माप झालं. पाय काढा. जाता जाता एक मागतो. तुमच्या दुकानाचे हिशेब, घरातले फोटो, आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज, जे काही तुम्ही कुणाच्या तरी मशिनीत ठेवलं असेल, त्याची दुसरी प्रत कुठे आहे ते आजच विचारा. कुणी बोट करून लांबची जागा दाखवली तर लाजू नका. बूट काढा, आत जा आणि हाताला काय लागतं ते बघा.